पान चारशे तेरा

१

कायदा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्या दिवशी सकाळी एक पुस्तक जखमी अवस्थेत सापडलं आणि चहाच्या सुट्टीआधी गुन्हेगारही ठरला. उरली होती ती फक्त एक सही.

ती सही हवी होती पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्या बाईंची. विद्यार्थी त्यांना उलटतपासबाई म्हणत. चहा देणाऱ्यालाही त्या "साखर घातलीय, हे कशावरून?" असं विचारतात अशी त्यांची ख्याती होती, आणि ती खोटी नव्हती.

प्राचार्यांच्या टेबलावर जुन्या निकालांचा एक जाडजूड खंड लाल फितीने बांधून ठेवला होता. शेजारी पाकिटात अर्धं ब्लेड.

"बाई, तुम्हाला फार वेळ लागणार नाही," प्राचार्य म्हणाले. "मुलीला काढून टाकायचा आदेश आहे. माझी सही झालीय, सरांची झालीय. नियमाने तिसरी लागते."

'सर' म्हणजे खिडकीजवळ बसलेले पुस्तकवाले सर. त्यांचं पाठ्यपुस्तक वाचल्याशिवाय या इमारतीतून कुणी वकील होऊन बाहेर पडलेलं नव्हतं. त्याची नवी आवृत्ती येऊ घातली होती आणि प्रस्तावना लिहिणार होते आजचे पाहुणे, न्यायमूर्ती.

हे न्यायमूर्ती दुपारी मूट कोर्टाची अंतिम फेरी ऐकणार होते. मुलांनी वकील होऊन लुटुपुटूचा खटला लढवायचा, पण नियम मात्र खऱ्यासारखे. ज्या जुन्या निकालाचा आधार घ्यायचा, त्याचा मूळ छापील खंड न्यायमूर्तींसमोर ठेवायचा. खंड नाही तर आधार नाही. त्यातून हे जुने खंड अजून कुणी संगणकावर चढवलेले नव्हते. या गावात त्याची प्रत एवढी एकच.

"कापलंय काय?" बाईंनी विचारलं.

"होडीवाल्याचा निकाल," सर म्हणाले. "बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी एका होडीवाल्याचा परवाना त्याला न विचारता रद्द केला होता. तातडी असेल तर बाजू ऐकून घ्यायची गरज नाही, असं कोर्टाने ठरवलं. माझ्या पुस्तकाचं पाचवं प्रकरण त्याच निकालावर उभं आहे. याच खंडातून किती वेळा वाचलाय मी तो! आज माझा भाचा त्याचाच आधार घेणार होता. विरुद्ध बाजूला ती मुलगी, सगळे जिला मिरची म्हणतात. कापलं कुणी, हे सांगायला ज्योतिषी नको."

"तिची बाजू ऐकली?"

प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "अहो, पाहुणे जेवायला येतायत. तातडीची बाब आहे. आणि तातडी असेल तर... सरांनी आत्ताच सांगितलं की."

"म्हणजे जो निकाल तिने कापला म्हणता, त्याच निकालाने तिला कापायचं."

"बाई, शब्दांचे खेळ नकोत. सही करा."

बाईंना ती मुलगी मुळीच आवडत नसे. वर्गात पाय हलवत बसायची, उत्तर देताना उभी राहायची नाही, आणि एकदा भर तासाला "हे तुम्ही मागच्या आठवड्यात उलटं सांगितलं होतं" असं म्हणाली होती. ते खरंही होतं. म्हणूनच बाईंना ती जास्त आवडत नसे.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग परत लावलं.

"पाहुणे जेवून उठेपर्यंत मला वेळ द्या," त्या म्हणाल्या. "आणि हा खंडही."

"कशाला?" सरांनी जरा जोरातच विचारलं.

२

ग्रंथपालबाई काउंटरमागे ताठ बसल्या होत्या. डोळे लाल, ओठ आवळलेले. घरात मयत झाल्यासारखा चेहरा.

"त्या पोरीला नुसतं काढून भागणार नाही," त्या म्हणाल्या. "सनद मिळता कामा नये तिला. जन्मभर."

"ते नंतर ठरवू. खंड कुठे होता?"

"अंतिम फेरीची सगळी पुस्तकं कालच ढकलगाडीवर काढून ठेवली होती, वाचनकक्षाच्या दारापाशी. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथूनच जातो. सकाळी धूळ पुसताना खंड हातात घेतला, तर मधेच सैल लागला. चार पानं मुळापासून गेलेली. चारशे तेरा ते चारशे वीस. सरांच्या पुस्तकात निकालाचा पत्ता तोच आहे, पान चारशे तेरा."

"आणि ब्लेड?"

"तिच्या कप्प्यात सापडलं. कप्प्यांना कुलपं नसतातच. सर म्हणाले, अंतिम फेरीतल्या मुलांचे कप्पे बघा. पहिलाच तिचा उघडला."

"पहिलाच तिचा का?"

"सरांनी तोच दाखवला. तिच्यावरच संशय होता ना सगळ्यांचा."

"कापलेली पानं?"

"नाहीत. तिची पिशवी झाडली, कचऱ्याच्या टोपल्या उलट्या केल्या. कुठेच नाहीत."

"म्हणजे पोरगी एवढी हुशार की पानं गायब केली, आणि एवढी बावळट की ब्लेड स्वतःच्या कप्प्यात ठेवलं."

"तुम्ही तिची बाजू घेताय?"

"मी कुणाचीच बाजू घेत नाही. लोकांना ते आवडत नाही, हे मला माहीत आहे."

बाईंनी फीत सोडली आणि खंड उघडला. पानं अगदी सरळ रेषेत कापलेली होती, पट्टी धरून, घाई न करता. चारशे बाराव्या पानावर कुठल्या तरी विहिरीच्या पाण्यावरून दोन भावांचं भांडण चाललं होतं. तळाशी वाक्य अर्धवट तुटलं होतं: 'धाकट्या भावाने असे सांगितले की विहीर खणताना'. पुढे खिंडार. आणि खिंडारापलीकडे, चारशे एकविसाव्या पानाच्या पहिल्याच ओळीत, थोरला भाऊ विहिरीवर मोट कुणी बसवली याबद्दल तावातावाने बोलत होता.

बाईंनी ते तुटलेलं वाक्य पुन्हा वाचलं. मग पलीकडची ओळ पुन्हा वाचली.

"ग्रंथपालबाई, हा खंड मागणारे पुष्कळ असतील. पण हा उघडून वाचलेला तुम्ही कुणाला पाहिलाय?"

"या महिन्यात? दोघांनाच. आधी मिरचीने मागितला. इथे माझ्या डोळ्यांदेखत बसून वाचला, त्याबद्दल खोटं बोलणार नाही. आणि परवा भाचेबुवांनी."

"आणि सरांनी?"

"सरांना कशाला लागतोय? त्यांना सगळं पाठ आहे."

बाईंनी खंड मिटला. "बरोबर," त्या हळूच म्हणाल्या. "तीच तर भानगड आहे."

३

मिरची प्राचार्यांच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसली होती. शेजारी तिची आई, मांडीवर पर्स घट्ट धरून. मुलगी वकील होणार हे त्या माउलीने सगळ्या इमारतीला सांगून ठेवलं होतं. महाविद्यालयाने तिला बोलावून घेतलं होतं ते मुलीला घरी न्यायला.

"या आल्या," मिरची म्हणाली. "तिसरी सही."

"गप्प बस गं," आई म्हणाली आणि उठून उभी राहिली. "बाई, माझी मुलगी तोंडाळ आहे. घरीदारी कुणाला जुमानत नाही. मामेबहिणीच्या साखरपुड्यात नवऱ्यामुलाला तिने कायदा शिकवला, अजून ते लोक आमच्याशी बोलत नाहीत. पण ती चोर नाही. भांडायचं झालं तर तोंडावर भांडेल."

"आई, यांना काय सांगतेस? यांना पुरावा लागतो. आई म्हणजे पुरावा नव्हे."

"हे मात्र बरोबर शिकलीस," बाई म्हणाल्या. "मला पायही हलवून दाखवू नकोस आणि अक्कलही. विचारते तेवढंच सांग. होडीवाल्याचा निकाल तू वाचलास?"

"शब्दन् शब्द."

"तो तुझ्या विरुद्ध जातो?"

मिरची हसली. ते हसू कुणाच्याही मस्तकात जाईल असं होतं. "सगळं गाव तेच समजतंय. मी त्या भाचेबुवांना परवा कँटीनमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, 'काय रे, तो निकाल शेवटपर्यंत वाचलायस का?' तोंड बघायला हवं होतं त्याचं. मॅडम, तो निकाल माझ्या बाजूचा आहे. आज तोच खंड न्यायमूर्तींसमोर ठेवून मी मामाभाच्यांची दांडी गुल करणार होते. मी कापेन तो? मी त्याला हार घातला असता."

"हे आधी का सांगितलं नाहीस?"

"कुणाला? विचारलं कुणी?"

मिरचीचा लेखी युक्तिवाद त्यांच्याकडेच होता. दोन्ही बाजूंची बंद पाकिटं परीक्षक म्हणून त्यांच्या कपाटात होती आणि फेरी सुरू होईपर्यंत ती कुणी उघडायची नाहीत, असा नियम होता. तो त्यांनी स्वतःही पाळला होता.

"एकच प्रश्न. खंडात हा निकाल कितव्या पानावर आहे?"

"दोनशे एकतीस," मिरची म्हणाली. "का? आता पानाचीही परीक्षा?"

४

दोनशे एकतिसाव्या पानावर होडीवाला सुखरूप होता. एक कोपराही दुमडलेला नव्हता.

बाईंनी आपल्या खोलीचं दार लावून निकाल पहिल्यापासून वाचला. जुन्या खंडांत आधी दोन्ही वकिलांचे युक्तिवाद छापत आणि मग न्यायाधीशांचा निर्णय. बंदराच्या वकिलाने ठणकावून सांगितलं होतं की तातडी असेल तिथे बाजू ऐकायची गरज नाही. हेच वाक्य, स्वल्पविरामासकट, पुस्तकवाल्या सरांच्या पाचव्या प्रकरणात कोर्टाचा निर्णय म्हणून छापलेलं होतं. पुढे चार पानांवर न्यायाधीशांनी त्या वाक्याच्या चिंधड्या उडवल्या होत्या आणि होडीवाल्याला परवाना परत दिला होता. तिथपर्यंत सर कधी पोचलेच नव्हते. कुणाच्या तरी जुन्या टिपणांतून त्यांनी वाक्य उचललं होतं आणि पानाचा आकडाही. टिपणात तो चुकीचा होता. तळटीप म्हणत होती: पान ४१३ ते ४२०.

पिढ्यान् पिढ्या मुलं तीच तळटीप उतरवत आली होती. खंड उघडायची तसदी कोण घेणार?

बाईंनी भाच्याला बोलावलं. पोरगा देखणा, इस्त्रीचा, बोलण्यात साखर. आज साखर विरघळली होती.

"तुझा आधारच गेला," बाई म्हणाल्या. "वाईट झालं."

"हो मॅडम."

"पण काल संध्याकाळी तोंडी युक्तिवादाच्या मुद्द्यांचा उघडा कागद तू माझ्याकडे दिलास, त्यात होडीवाल्याचा मुद्दा खोडलेला आहे. तेव्हा तर खंड धडधाकट होता ना?"

"तो मुद्दा... तसा महत्त्वाचा नव्हता."

"तुझ्या मामांचं अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे, आणि महत्त्वाचा नव्हता?"

खिडकीतून बाकावरच्या मायलेकी दिसत होत्या. तो तिकडे पाहत राहिला.

"तिला खरंच काढणार?" त्याने विचारलं.

"तुला वाईट वाटतंय?"

"माझं आणि तिचं जमत नाही. सगळ्यांसमोर पाणउतारा करते. पण असं काही न ऐकताच..." तो अडखळला. "होडीवाल्याएवढं तरी नशीब तिला मिळायला हवं."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"नशीब?" त्या म्हणाल्या. "तुझ्या मामांच्या पुस्तकात तर तो होडीवाला हरलाय."

भाचा पांढराफटक पडला.

"जा," बाई म्हणाल्या. "आणि मामांना एक शब्द सांगितलास, तर पहिली उलटतपासणी तुझी होईल."

५

पाहुणे जेवायला बसले होते. प्राचार्यांच्या दालनात सगळे उभे होते, कारण बाईंनी कुणालाच बसायला सांगितलं नव्हतं. प्राचार्य, सर, भाचा, ग्रंथपालबाई, मिरची आणि तिची आई. मधे टेबलावर तो खंड.

"बाई, हा काय तमाशा आहे?" सर म्हणाले. "त्या मुलीला आणि तिच्या आईला इथे आणायचं कारण?"

"तमाशाच आहे, पण छोटा आहे. सर, या खंडातून हा निकाल तुम्ही अनेकदा वाचलात, असं सकाळी म्हणालात. तो कुठे होता, तेवढं बोट ठेवून दाखवा."

"हा पोरखेळ झाला."

"दाखवा ना सर," प्राचार्य म्हणाले. "म्हणजे विषय मिटेल."

सरांनी फणकाऱ्याने खंड उघडला आणि खिंडारात बोट ठेवलं. "इथे! चारशे तेरा."

बाईंनी त्यांचं बोट उचलून बाजूला केलं, पानं मागे उलटली आणि खंड प्राचार्यांसमोर सरकवला. "दोनशे एकतीस. वाचा."

प्राचार्य वाचू लागले. त्यांचे ओठ हलत होते. मिरची टेबलाशी धावली. "आहे? अहो, आहे की हा! आई, आहे!"

"हळू," बाई म्हणाल्या. "कापली ती विहिरीच्या भांडणाची पानं. होडीवाल्याला कुणी हातही लावलेला नाही."

सर सावरले. वकिली मुरलेली होती. "वय झालं, पान विसरलो. म्हणून मी चोर? तिने मुद्दाम चुकीची पानं कापली असतील, संशय फिरवायला!"

"संशय कसा फिरेल? चूक कुणाच्या लक्षात आली असती तर ना! आणि तुम्ही काही विसरला नाहीत, सर. तुमच्या पुस्तकात छापलंय तेच तुम्ही दाखवलंत."

"मग ते पुस्तक हजारो जणांकडे आहे!"

"आहे. पण कापणाऱ्या माणसाला दोन गोष्टी लागतात. निकाल नाहीसा व्हावा अशी त्याला गरज हवी, आणि तो चारशे तेरावर आहे अशी त्याची खात्री हवी. ही मुलगी घ्या." बाईंनी बंद पाकीट सर्वांसमोर फाडलं. "हा तिचा लेखी युक्तिवाद. पान दोनशे एकतीस. तिला खरं पान माहीत होतं आणि निकाल तिला हवाच होता. तुमचा भाचा घ्या. कँटीनमधल्या टोमण्यानंतर त्याने खंड मागवला, चारशे तेरावर विहीर दिसली, मग त्याने अनुक्रमणिका पाहिली. होडीवाला जिंकला हे त्याला माहीत आहे, आणि ते दोनशे एकतिसाव्या पानाशिवाय कुठेच कळत नाही. त्याला कापायचं असतं तर त्याने तेच कापलं असतं. ग्रंथपालबाईंनी माणूस कापला असता, पान नाही. उरलं कोण? ज्याच्या पुस्तकाची लाज आज न्यायमूर्तींसमोर जाणार होती, आणि जो अजूनही चारशे तेरावरच विश्वास ठेवून होता. मिरचीचा कप्पा आधी उघडा, असं कोण म्हणालं ते सगळ्यांना माहीत आहे."

"मामा," भाचा म्हणाला. "काल दुपारी जेवताना मी तुम्हाला हेच सांगत होतो. निकाल उलटा आहे म्हटलं, पानसुद्धा सांगणार होतो. तुम्ही ताट सारून उठलात. म्हणालात, कालचं पोरगं मला वाचायला शिकवणार?"

"तोंड बंद ठेव! घरात खाऊन घरातल्याच—"

सर थांबले. थांबायला उशीर झाला होता. त्यांचा हात नकळत खांद्यावरच्या चामडी बॅगेवर गेला होता आणि सगळे त्या हाताकडे पाहत होते.

"कॉलेजच्या टोपलीत टाकायची सोय नव्हती," बाई म्हणाल्या. "हवं तर बॅग उघडू नका. पण आत असतील तर एकदा वाचा, सर. भावाभावांचं भांडण चांगलं रंगलंय. कापताना एक ओळ जरी वाचली असती, तरी कळलं असतं. चोरी करतानाही तुम्ही उघडून पाहिलं नाहीत."

ग्रंथपालबाई पुढे झाल्या आणि त्यांनी हात पसरला. सरांनी बॅगेची कडी काढली.

प्राचार्यांनी घाम पुसला. त्यांना पुन्हा घाई सुटली. "ठीक. मुलीचा आदेश रद्द. सरांना मी आत्ताच, तातडीने—"

"नाही," बाई म्हणाल्या. "सरांना नोटीस द्या, वेळ द्या, त्यांची बाजू पुरती ऐका. होडीवाल्याचा निकाल तेच सांगतो. तुमच्या समोर उघडाच आहे."

६

बाहेर बाकापाशी मिरचीच्या आईने बाईंचे दोन्ही हात धरले. मिरची मात्र दोन पावलं लांब उभी राहिली.

"आभार मानायला हवेत का?" तिने विचारलं.

"नको. मला तू आवडत नाहीस."

"मलाही तुम्ही."

"मग झालं तर. फेरीत उभं राहून बोल. पाय हलवू नकोस."

फेरी सुरू झाली तेव्हा पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. सरांची प्रकृती बरी नाही, असं प्राचार्यांनी न्यायमूर्तींना सांगितलं होतं. भाचा बोलला, बरा बोलला, होडीवाल्याचं नाव न काढता खाली बसला. बसता बसता त्याने मिरचीकडे पाहिलं. तिने नजर वळवली. माफ करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

मग ती उठली. चार सुटी पानं पुन्हा पोटात घेतलेला तो खंड तिने दोन्ही हातांनी न्यायमूर्तींसमोर ठेवला.

न्यायमूर्तींनी चष्मा लावला. "होडीवाल्याचा खटला? हा आम्हालाही शिकवला होता. पण तो तर तुमच्या विरुद्ध जातो. पान चारशे तेरा ना?"

सभागृहात कुजबुज झाली. शेवटच्या रांगेत उलटतपासबाई जागच्या जागी ताठ झाल्या.

"पान दोनशे एकतीस," मिरची म्हणाली. ती सरळ उभी होती आणि तिचे पाय स्थिर होते. "आणि न्यायमूर्तींना माझी एक विनंती आहे. या वेळी शेवटपर्यंत वाचावं."

उद्धटपणा तसूभरही कमी झालेला नव्हता. बाईंनी गुणपत्रिका पुढे ओढली, शिष्टाचाराच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि पुराव्याच्या रकान्यात पैकीच्या पैकी.